स्पर्धेतले सर्वांत वाईट जलतरण तलाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोहणारी माणसं चार घटका एकत्र बसली की हा विषय निघतोच: तू पोहलेला सर्वांत वाईट तलाव कोणता? कुणी दात वाजवणारं पाणी सांगतं, कुणी तळच दिसत नव्हता म्हणतं, कुणी भिंतीच्या फुटक्या टाइलवर सोललेला पाय आठवतं. मी आधी स्पर्धक म्हणून पोहले आणि पुढे बरीच वर्षं टाइमकीपर म्हणून लेनच्या टोकाला उभी राहिले. त्या काळात स्पर्धकांनी, पालकांनी आणि नवख्या कोचनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे देत आहे.

तलाव वाईट आहे हे कशावरून ठरवायचं?

माझ्या यादीत पहिला नंबर इजा करू शकणाऱ्या तलावाचा. त्याच्या मागे सगळ्या लेनना सारखं पाणी न देणारा, मग लांबीत चुकलेला. गारठा, गढूळपणा, वास, निसरडे ब्लॉक (ज्यांवरून सूर मारतात ते ठोकळे) हे सगळं त्यानंतर.

बहुतेकांची यादी नेमकी उलटी असते, कारण थंडी आणि घाण अंगाला लगेच कळते. पण गार पाणी आठही जणांना सारखंच गार असतं. शर्यतीचा निकाल त्याने सहसा बिघडत नाही. लेन दोनमधल्या मुलीला उलट ओघ आणि लेन सातमधल्या मुलीला सोबतीचा ओघ मिळाला, तर निकालच खोटा होतो आणि तो खोटा आहे हे दोघींपैकी कुणालाही कळत नाही. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

ऑलिंपिकमध्ये सर्वांत वाईट पाणी कुणाच्या वाट्याला आलं?

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्यांच्या, असं माझं ठाम मत आहे. तिथे तलाव नव्हताच. पिरेअसजवळच्या झेआच्या उपसागरात, एप्रिल महिन्यात, सुमारे १३ अंश सेल्सिअस पाण्यात शर्यती झाल्या. वर लाटा होत्या. हंगेरीच्या १८ वर्षांच्या आल्फ्रेड हायोशने थंडीपासून बचाव म्हणून अंगाला चरबीचा जाड थर चोपडला होता. १०० मीटर त्याने १ मिनिट २२.२ सेकंदांत जिंकली आणि १२०० मीटरही त्यानेच जिंकली. या लांब शर्यतीसाठी स्पर्धकांना होडीतून समुद्रात नेऊन सोडलं आणि किनाऱ्याकडे पोहत यायला सांगितलं. जिंकण्याच्या इच्छेपेक्षा जगण्याची इच्छा मोठी ठरली, असं हायोशने नंतर सांगितलं. विजेत्यालाच असं म्हणावं लागलं, यावरून बाकीच्यांचं काय झालं असेल याची कल्पना करावी.

दुसरा नंबर मी १९२० च्या अँटवर्पला देईन. तिथली जागा खंदकाच्या पाण्यात आखलेली होती. पाणी काळपट आणि इतकं थंड, की स्पर्धकांना बधिर अवस्थेत बाहेर काढावं लागलं. अमेरिकेची आयलीन रिगिन तेव्हा १४ वर्षांची होती. तिने स्प्रिंगबोर्ड डायव्हिंगचं सुवर्ण जिंकलं, पण त्या काळ्या पाण्यात सूर मारण्याची भीती तिच्या आयुष्यभर लक्षात राहिली.

१९०४ ला सेंट लुईसमध्ये एका कृत्रिम तळ्यात शर्यती झाल्या. सुरुवात तराफ्यावरून व्हायची आणि पोहणाऱ्यांच्या वजनाने तराफाच खाली जायचा. ज्या पायाने रेटा द्यायचा त्याच्याखालची जागाच हलली, तर चांगली स्टार्ट मिळणार कुठून?

मग १९०० ची सीन नदीतली स्पर्धा या यादीत का नाही?

कारण तिथे सगळ्यांना एकच फायदा मिळाला. पॅरिसमधल्या त्या शर्यती प्रवाहाच्या दिशेने झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या फ्रेडरिक लेनने २०० मीटर २ मिनिटं २५.२ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकलं. चार वर्षांनी सेंट लुईसच्या साचलेल्या पाण्यात चार्ल्स डॅनियल्सला २२० यार्ड, म्हणजे जवळपास तेवढंच अंतर जिंकायला २ मिनिटं ४४.२ सेकंद लागले. डॅनियल्स काही कच्चा पोहणारा नव्हता, पुढे जागतिक विक्रमांचा मानकरी ठरलेला माणूस होता तो. एकोणीस सेकंदांच्या या फरकात सीनच्या प्रवाहाचा मोठा वाटा होता. सीनमधले आकडे विक्रम म्हणून निरुपयोगी आहेत. कोण पहिला आणि कोण दुसरा हा निकाल मात्र मी मान्य करते.

बांधलेला तलाव ऑलिंपिकला पहिल्यांदा मिळाला तो १९०८ ला लंडनमध्ये, धावपट्टीच्या आत बांधलेला १०० मीटर लांबीचा हौद. १९१२ ला स्टॉकहोममध्ये पुन्हा खाडी आली. आखलेल्या लेनचा ५० मीटर तलाव १९२४ ला पॅरिसमध्ये आला आणि तिथून आजच्या स्पर्धेचं रूप ठरलं.

‘स्लो’ तलाव म्हणजे काय? पाणी तर सगळीकडे सारखंच असतं ना?

पाणी सारखं असतं, पण त्यात उठलेल्या लाटांचं पुढे काय होतं ते सारखं नसतं. पोहणारा हातांनी मागे, बाजूला आणि खाली पाणी ढकलतो. ती हालचाल तळाला आणि भिंतींना आपटून परत येते. तळ जवळ असेल, भिंत पाण्याच्या वर उभी चढलेली असेल, लेन रोप (दोन लेनमधले तरंगते दोर) ढिले असतील, तर परत आलेलं पाणी पोहणाऱ्याच्याच अंगावर येतं. अशा तलावात बटरफ्लायचा प्रत्येक श्वास जपून घ्यावा लागतो, कारण तोंड उघडायला आणि लाट यायला एकच वेळ साधते.

चांगल्या तलावात या लाटा मारायची सोय केलेली असते. तळ खोल असतो. कडेची पन्हळ पाण्याच्या पातळीला असते, त्यामुळे लाट भिंतीवर आपटण्याऐवजी पन्हळीत उतरते. लेन रोपवरच्या फिरत्या चकत्या शेजारच्याची लाट मोडतात. दोन्ही कडांना एकेक लेन रिकामी सोडता आली तर आणखी उत्तम. २००८ च्या बीजिंगच्या ‘वॉटर क्यूब’मध्ये हे सगळं होतं: तीन मीटर खोली आणि दहा लेन, त्यातल्या आठच वापरात. तिथे जलतरणात २५ जागतिक विक्रम झाले. त्या वर्षीच्या नव्या पोशाखांचाही त्यात मोठा हात होता, त्यामुळे सगळं श्रेय तलावाला देता येत नाही.

जुन्या, पन्हळ नसलेल्या तलावात सर्वांत जास्त सोसतात ते लेन एक आणि आठमधले. त्यांच्या एका बाजूला सरळ भिंतच असते. हीटमध्ये, म्हणजे आधीच्या फेऱ्यांत, मंद वेळ आलेल्यांनाच फायनलमध्ये या लेन मिळतात, म्हणजे मागे असलेल्याला आणखी मागे ओढण्याची सोय.

२०२४ चा पॅरिसचा तलाव खरंच इतका वाईट होता का?

नाही. तो उथळ होता आणि बहुधा थोडा स्लो होता, पण वाईट म्हणण्याइतका नव्हता.

रग्बीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये उभारलेला तो तात्पुरता तलाव सुमारे २.१५ मीटर खोल होता. अशा स्पर्धांसाठी तीन मीटर खोलीची शिफारस केली जाते. पहिल्या दोन दिवसांत एकही जागतिक विक्रम झाला नाही. पुरुषांची १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक इटलीच्या निकोलो मार्तिनेंगीने ५९.०३ सेकंदांत जिंकली. २००४ नंतरची ही सर्वांत मंद विजयी वेळ होती. त्यावरून ओरड सुरू झाली आणि ती समजण्यासारखी आहे.

पण पुढे त्याच पाण्यात चीनच्या पान झानलेने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून स्वतःचाच विक्रम मोडला. अमेरिकेच्या बॉबी फिंकने १५०० मीटरचा विक्रम केला आणि दोन रिले विक्रमही झाले. शिवाय आठही जणांखाली तीच खोली होती. इतक्या पैशांत आणि इतक्या तयारीने होणाऱ्या स्पर्धेला आणखी खोल तलाव द्यायला हवा होता, हे माझंही म्हणणं आहे. पण मार्तिनेंगीच्या पदकावर त्याचा डाग पडत नाही.

बांधलेल्या तलावात प्रवाह कसा असू शकतो?

पाणी गाळण्यासाठी ते सतत बाहेर ओढून परत आत सोडावं लागतं. आत सोडणाऱ्या नळ्यांचा जोर किंवा दिशा एका बाजूला झुकली, तर सगळं पाणी संथपणे गोल फिरू लागतं. एका कडेच्या लेनमध्ये ते टर्नच्या भिंतीकडे जातं, दुसऱ्या कडेला स्टार्टच्या भिंतीकडे येतं आणि मधल्या लेनमध्ये फारसं हलत नाही.

२०१३ च्या बार्सिलोना जागतिक स्पर्धेच्या तात्पुरत्या तलावाबद्दल हाच संशय पुढे आला. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी लांब शर्यतींचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक फेरीच्या वेगळ्या वेळा, तपासले. एका बाजूच्या लेनमधले पोहणारे जाताना सातत्याने वेगवान आणि येताना मंद, तर दुसऱ्या बाजूचे बरोबर उलट, असा नमुना त्यांना सापडला. दमल्यामुळे असं होत नाही, दमलेला माणूस दोन्ही दिशांना मंद होतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या आकड्यांतही असाच कल दिसला. तलाव उभारणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्यांच्या चाचण्यांत प्रवाह आढळला नव्हता.

याने किती फरक पडतो ते सरळ हिशेबाने पाहू. सेकंदाला दोन मीटर वेगाने जाणारा पोहणारा ५० मीटर २५ सेकंदांत संपवतो. सेकंदाला फक्त दोन सेंटिमीटरचा ओघ सोबत असला तर त्याला सुमारे २४.७५ सेकंद लागतील. तेवढाच ओघ समोरून असला तर २५.२५. अर्ध्या सेकंदाचा फरक! ५० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलमध्ये पहिल्या आणि आठव्या स्पर्धकातही कित्येकदा इतकं अंतर नसतं. १०० मीटरमध्ये जाऊन परत यायचं असल्याने हा फायदा-तोटा जवळजवळ फिटतो. म्हणून बळी जातात ते ५० मीटरवाले, ज्यांच्या शर्यतीत परतीची फेरीच नाही.

माझ्या मते अलीकडच्या काळातले सर्वांत वाईट तलाव हेच. दिसायला स्वच्छ आणि निळेशार, टीव्हीवर देखणे, आणि तरीही पोहणाऱ्याची कित्येक वर्षांची मेहनत लेनच्या आकड्यावर टांगणारे. स्पर्धेआधी आणि स्पर्धा चालू असताना प्रत्येक लेनमध्ये प्रवाहाची चाचणी घेऊन तिचे आकडे जाहीर करणं सक्तीचं असावं.

तलाव आखूड किंवा लांब निघू शकतो का?

निघतो. सरकत्या मधल्या भिंतीच्या तलावात तर ही काळजी रोजची. भिंत नीट बसली नाही किंवा मध्यभागी किंचित फुगली, की लेनगणिक लांबी बदलते. म्हणूनच अशा तलावात जागतिक विक्रम झाला, तर ते सत्र संपल्यावर त्या लेनची लांबी पुन्हा मोजून खात्री करावी लागते. नियमाने तलाव थोडा लांब चालतो, आखूड अजिबात चालत नाही. भिंतीवरच्या, हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या टच पॅडच्या सुमारे एक सेंटिमीटर जाडीचाही हिशेब त्यात धरावा लागतो.

या प्रश्नाने एक नियमच बदलून टाकला. १९७२ च्या म्युनिकमध्ये पुरुषांच्या ४०० मीटर मेडलीत (चारही प्रकारांनी पोहण्याच्या शर्यतीत) स्वीडनचा गुनार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघांची वेळ ४ मिनिटं ३१.९८ सेकंद आली. मग हजारांश भागापर्यंत पाहिलं आणि ०.००२ सेकंदाने लार्सनला सुवर्ण दिलं. तेवढ्या वेळात पोहणारा साधारण तीन मिलिमीटर जातो. आठ फेऱ्यांची ती शर्यत होती. म्हणजे एका लेनची लांबी दुसरीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरकाने जास्त असती, तरी निकाल फिरला असता. इतक्या अचूकपणे कुणीही तलाव बांधू शकत नाही. पुढे निकाल शतांशावर थांबवायचं ठरलं आणि म्हणूनच आज बरोबरी झाली की पदक वाटून दिलं जातं. २०१६ ला १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकल फेल्प्स, चॅड ले क्लोस आणि लास्लो चेह या तिघांनाही ५१.१४ सेकंदांसाठी रौप्य मिळालं. मॅकीलाही असा न्याय मिळायला हवा होता.

रिओमध्ये पाणी हिरवं का झालं होतं?

तो डायव्हिंगचा तलाव होता आणि शेजारचा वॉटर पोलोचाही नंतर हिरवट झाला. पाण्यात चुकून हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं गेलं, त्याने क्लोरीन निष्प्रभ झालं आणि शेवाळ वाढलं. वॉटर पोलो खेळाडूंनी डोळे चुरचुरत असल्याची तक्रार केली. आर्टिस्टिक स्विमिंगसाठी अखेर पाणीच बदलावं लागलं. वेगाच्या शर्यती दुसऱ्या ठिकाणी होत्या, त्यांना याची झळ लागली नाही.

क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी जंतुमुक्त आहे ना?

उलट. तो वास क्लोरीनचा नसतो, क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, अंगावरची तेलं यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो तयार होतो. त्यातला वायू पाण्याच्या पृष्ठभागालगत साचून राहतो, म्हणजे पोहणारा जिथे श्वास घेतो नेमका तिथेच. बंदिस्त इमारतीत हवा खेळती नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या हीटपर्यंत अर्धे स्पर्धक खोकत असतात. दमा असलेल्यांना याचा फार त्रास होतो. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करणं आणि पाण्यात लघवी न करणं, हे दोन उपाय प्रत्येक पोहणाऱ्याच्या हातात आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत.

उथळ तलावात स्टार्टिंग ब्लॉकवरून सूर मारायला हरकत आहे का?

आहे. इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की ब्लॉक असतील तर भिंतीपासून एक मीटर ते सहा मीटर या पट्ट्यात खोली किमान १.३५ मीटर हवी. ब्लॉक स्वतः पाण्यापासून ०.५ ते ०.७५ मीटर उंच असतो. एवढ्या उंचीवरून तिरका सूर थोडा जास्त उभा पडला, तर डोकं तळाला लागायला क्षणही लागत नाही आणि मानेचा मणका दुखावला तर माणूस कायमचा अपंग होऊ शकतो.

लहान मुलांच्या स्पर्धांमध्ये धोका सर्वांत जास्त, कारण घाबरलेलं मूल खोल सूर मारतं. एका स्पर्धेत ब्लॉक तलावाच्या उथळ टोकाला बसवलेले मी पाहिले आहेत. तिथल्या कोच मंडळींनी एकत्र येऊन स्टार्ट पाण्यातून, भिंत धरून करायला लावली. वेळा मंदावल्या, काही पालक नाराज झाले, पण निर्णय शंभर टक्के योग्य होता. पाण्यातून केलेली स्टार्टही सगळ्यांना सारखीच असते.

पाणी किती गार किंवा गरम असावं?

तलावासाठी २५ ते २८ अंश. त्याखाली स्नायू आखडतात, स्टार्टची वाट पाहतानाच अंग कापायला लागतं. लोक गरम पाण्याबद्दल कमी बोलतात, पण लांब अंतराला ते जास्त घातक असतं, कारण शरीरात तयार होणारी उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. २३ ऑक्टोबर २०१० ला संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे तापलेल्या समुद्रातल्या १० किलोमीटर शर्यतीत अमेरिकेचा २६ वर्षांचा फ्रान क्रिपेन मरण पावला. शर्यत संपल्यावर तो आला नाही हे इतर पोहणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि तेच त्याला शोधायला पुन्हा पाण्यात उतरले. आता खुल्या पाण्यातल्या शर्यतींना १६ ते ३१ अंश अशी मर्यादा आहे. ३१ ही वरची हद्द मला अजूनही फार सैल वाटते.

उघड्या तलावात बॅकस्ट्रोक कसा पोहायचा?

पाठीवर पोहताना वर छताची रेघ नसते, डोळ्यांत ऊन असतं, म्हणून सरळ रेषा हरवते आणि खांदा लेन रोपला घासतो. २००४ च्या अथेन्समध्येही मुख्य तलावावरचं नियोजित छत झालंच नाही आणि सगळ्या शर्यती उघड्यावर झाल्या. गडद काचेचा गॉगल घ्या. भिंतीपासून पाच मीटरवरच्या पताका वॉर्म-अपमध्येच नीट पाहून तिथून भिंतीपर्यंत किती हात मारावे लागतात ते मोजा. पताका चुकीच्या अंतरावर टांगलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत आणि त्यावर विसंबणारा डोकं आपटून घेतो.

वाईट तलावात आलेली वेळ किती मनावर घ्यायची?

त्याच दिवशी, त्याच पाण्यात इतरांच्या वेळा त्यांच्या नेहमीच्या वेळेपेक्षा किती घसरल्या ते पाहा. सगळे घसरले असतील तर तुमचं पोहणं ठीक आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये इक्वेटोरियल गिनीच्या एरिक मुसांबानीने १०० मीटरला १ मिनिट ५२.७२ सेकंद घेतले. सराव त्याने हॉटेलच्या छोट्याशा तलावात केला होता आणि ५० मीटर लांबीचा तलाव त्याने तिथेच पहिल्यांदा पाहिला. नुसता आकडा वाचणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही.

तलावात दोष दिसला तर तक्रार कधी करायची?

शर्यतीआधी. दोष आधीच दिसलेला असेल, तर स्टार्टच्या इशाऱ्यापूर्वी निषेध नोंदवावा लागतो. नंतर कळलेल्या गोष्टीसाठी शर्यत संपल्यापासून ३० मिनिटांची मुदत असते. तक्रार रेफरीकडे, लेखी आणि संघाच्या जबाबदार व्यक्तीमार्फत जायला हवी. स्पर्धकाने स्वतः जाऊन वाद घालू नये. त्यामुळे वॉर्म-अपमध्येच ब्लॉक हलतो का, भिंतीची टाइल निखळली आहे का, टर्नच्या भिंतीवरची खूण पाण्यातून दिसते का आणि स्टार्टच्या टोकाची खोली किती आहे हे पाहून घ्या. काही चुकीचं दिसलं तर कोचला लगेच सांगा, तुमची हीट पुकारली जाण्याची वाट पाहू नका.